बेंबळीच्या गच्चीवरची पेटी

माझी नोकरी काय ते सांगितलं की लोक दोन पावलं मागं सरतात. अणुवीज केंद्रांवर नजर ठेवायची, म्हणजे हवेतला किरणोत्सर्ग मोजायचा. केंद्रं इथून लई लांब. पण तिथं काही वाढलं का हे कळायला, जिथं केंद्र नाही तिथं मुळात किती असतो तेही मोजावं लागतं. म्हणून आमच्या धाराशिव जिल्ह्यात मोजायच्या पेट्या बसवल्या होत्या.

बेंबळीत कुणी जागा देईना. म्हणे बॉम्बची पेटी! डोंबलाचा बॉम्ब. शेवटी एका म्हाताऱ्या मावशींनी आपली गच्ची दिली. "फुटली तर मी एकटीच जाईन की, त्यात काय!" म्हणून खदाखदा हसल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला.

दर महिन्याला मी धाराशिवहून एसटीनं जायची आणि पेटीतले आकडे लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. काम अर्ध्या तासाचं, पण मावशी जेवू घातल्याशिवाय सोडतील तर शपथ. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर माझ्या बारीक अंगावरून, माझ्या नवऱ्यावरून बोलणी. निघताना ओटी. विधवा म्हणून स्वतः भरायच्या नाहीत, शेजारच्या काकूंना हाक मारायच्या आणि आपण चौकटीत उभ्या राहून हुकूम सोडायच्या, "हात आखडू नको गं, माझी लेक हाय ती." मला असला संताप यायचा! तुम्हीच भरा म्हणून भांडलेही. ऐकल्या नाहीत. आई गेल्यापासून मला माहेर उरलं नव्हतं. ते या घरात मिळालं, पण हे त्यांना तोंडानं कधी सांगितलं नाही.

मग पेट्यांनी आकडे आपोआप पाठवायचे असं ठरलं. सिमकार्ड आलं, सोलर पॅनल आलं. बेंबळीचं मीच बसवलं, मोठ्या हौसेनं.

मावशी बघत होत्या. "मग आता तू यायची न्हाईस व्हय?"

"येईन की. पॅनलवर धूळ साचली की पेटी बंद पडतेच, तेव्हा येईन," मी चेष्टेत म्हटलं.

बेंबळीची पेटी बंद पडली नाही. बाकी गावांतल्या सारख्या कुरकुरायच्या, भूमच्या पेटीनं तर जीव नकोसा केला, पण बेंबळीची कधीच नाही. ऑफिसात मी ते मिरवायची. रविवारी जाऊ, दिवाळीत जाऊ, असं म्हणत बेंबळीला जाणं राहिलं ते राहिलंच. फोन व्हायचा अधूनमधून, पुढं तोही होईना. आकडे येतायत म्हणजे तिथं सगळं ठीक, असंच डोक्यात बसलं होतं.

या उन्हाळ्यात बेंबळीची बॅटरी उतरायला लागली आणि एक दिवस आकडे बंद. खरं सांगते, मला आनंद झाला. मावशींना छानसं लुगडं घेतलं आणि निघाले.

दाराला कुलूप. शेजारच्या काकू बाहेर आल्या. "आता आलाव व्हय बाई? मावशी गेल्या की. पाडव्याच्या आदीच."

"मला कळवलं का नाही?" मी त्यांच्यावरच ओरडले.

"कसं कळवायचं? तुमचा नंबर त्यांच्या फोनमधी. फोन पोरगा घिऊन गेला."

त्यांनी कुलूप काढलं, आम्ही वर गेलो. पॅनलवर बोटभर धूळ. काकू म्हणाल्या, "रोज सकाळी गुडघे धरून चढायच्या आन् पुसायच्या. मी म्हनायची, ऱ्हाऊ द्या की, बंद पडली तर येईल तरी ती. तर मलाच रागवायच्या. लेकीचं काम बिघडवून तिला बोलवू व्हय, म्हनायच्या."

कठड्याला टेकून मी खाली बसले आणि रडले, अगदी लहान पोरीसारखी. मग उठले आणि ओढणीनं पॅनल पुसून काढलं.

बऱ्याच वेळानं साहेबांचा फोन आला. "आकडे सुरू झाले. शाब्बास! आता तिकडं जायचं काही कारण नाही."

"नाही सर," मी म्हटलं.