शालनच्या गालाच्या पेशी

शालन, लांबलचक पत्रं तुला सोसत नसत. "बाई, मुद्द्याचं सांगा" मला म्हणायचीस. तर मुद्दा एवढाच की पेशींच्या सवयीचं तुझं म्हणणं बरोबर निघालं. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ते छापून आलं. पुढची गोष्ट तुला माहीत आहे; ती इतरांसाठी.

कल्याणच्या एका कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर जीवशास्त्राची लॅब होती आणि शालन तिथली अटेंडंट. दर जूनला नव्या मुली येत. गालाच्या आतून काडीनं खरवडून स्लाइड करायची म्हटलं की 'ई' करून मागे सरत. मग शालनच आ करी, काचेवर निळा थेंब टाकी, ती मायक्रोस्कोपखाली सरकवी आणि म्हणे, "बघा गं, ही मी." बारा वर्षं हेच चाललं होतं.

दुपारी लॅब रिकामी झाली की ती स्वतः डोळा लावून बसे. आरसा खिडकीकडे वळवला की उजेडाचं गोल तळं वर येई आणि त्यात निळ्या फरशा तरंगत. आपण इथंच कुठंतरी राहतो, असं तिला वाटे.

एक्क्याण्णव साली तिला जिना चढवेना. पहिल्या मजल्याला दम, दुसऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी. नवरा, चांगदेव, तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होत चालल्यात, त्यांतून रक्त ढकलताना हृदय थकतंय, असं तिथं कळलं. औषध फारसं नव्हतं.

"जाड कशानं होतात, बाई?" तिनं लॅबमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरस्वतीबाईंना विचारलं.

"पेशी वाढतात. हवा कमी पडली की त्या साखर अर्धवट जाळतात, असा अंदाज आहे."

"स्टोव्हसारखं. हवा कमी पडली की पिवळा जळतो, भांडं काळं करतो."

"तसंच समज."

"मग पुढे हवा मिळाली तरी पिवळाच जळत असेल. सवय लागली असेल त्यांना."

"पेशींना कसली सवय? काहीतरीच बोलतेस."

त्या दुपारी टेबलावर डोकं टेकून तिला डुलकी लागली. ती एका गुलाबी गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंना दारादारांत बायका स्टोव्हवर साखर परतत होत्या. ज्योती पिवळ्या, धूर गोडसर. जिनं तिनं आपला ओटा पुढे वाढवलेला.

"अगं, मी जाऊ कुठून?"

"जा की कडेकडेनं. आम्हालाही जागा पुरत नाही."

बोलणारीनं मान वर केली. चेहरा शालनचाच होता. पलीकडचीचाही, तिच्या पलीकडचीचाही.

जागी होताच तिनं बाईंना गाठलं. "मला त्या पेशी बघायच्यात."

"तुझ्या कशा दाखवू?"

"कुणाच्याही चालतील, याच रोगाच्या. अख्ख्या कल्याणनं माझा गाल बघितला, बाई. मी एवढंही बघू नको?"

बाईंचा एक वर्गमित्र ठाण्यात खोपटला पॅथॉलॉजी लॅब चालवत होता. त्याच्याकडे अशी एक स्लाइड होती. 'केव्हाही येऊन घेऊन जा,' म्हणाला. बाई शनिवारी जाते म्हणाल्या. त्या शनिवारी परीक्षा निघाली, पुढच्या शनिवारी पाहुणे.

"मेलेल्या माणसाची असेल ना ती?" शालननं एकदा कपाट पुसता पुसता विचारलं.

बाईंनी समोरच्या वहीत मान घातली.

"म्हणून टाळताय होय? मी नाही घाबरत. आत कोण बसलंय त्याची नुसती तोंडओळख हवी."

"या शनिवारी नक्की आणते."

दर शनिवारी शालन प्रत्येक वळणावर पायरीवर बसत, ओठ निळे करून घेत तिसऱ्या मजल्यावर पोचे. भिंग पुसे, आरसा वळवे, काचेची जागा मोकळी ठेवी आणि बाई येईपर्यंत त्या रिकाम्या तळ्यात बघत राही. त्र्याण्णवच्या फेब्रुवारीपर्यंत ती आली. नंतर चांगदेव तिचा डबा न्यायला आला.

खोपटच्या एसटी स्टँडवर उतरलं की ती लॅब चार मिनिटांवर होती. सरस्वतीबाई गेल्याच नाहीत.