उजवी पाकळी

ही गोष्ट मी कुणाजवळच काढलेली नाही. बायकोजवळ नाही, ज्या प्राध्यापकांनी मला मुलासारखं वागवलं त्यांच्याजवळही नाही. तुमच्याजवळ का काढतो आहे — तेही नीट सांगता येत नाही. तुम्ही माझ्या गावचे नाही, हेच कदाचित कारण असेल.

आमचं घर गुरवाचं. संगमेश्वराहून आत, नदी सोडून वर चढलं की आमचं गाव लागतं. देवळातली पूजा, दिवाबत्ती आणि कौल आमच्या घराकडे. तुम्ही घाटावरचे असाल तर कौल म्हणजे काय ते सांगायला हवं. गावाला काही विचारायचं असलं की गुरव फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाला चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. सोयरीक, विहीर, भावाभावांतली वाटणी, कुणी मुंबईला गिरणीत जावं की नाही — सगळं यावर ठरायचं.

मराठी शाळेपलीकडे गेलेला आमच्या घरातला मी पहिला. पुढे मुंबईला शिकलो आणि डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो हाच, कोकणातल्या देवस्थानांतला कौल. दुसरं मला काय येत होतं?

एका मे महिन्यात रत्नागिरीला विद्वानांची सभा भरली. तिथं मला माझ्या संशोधनावर बोलायचं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, गावाहून आले होते, आणि त्यांच्याबरोबर गावचे मानकरी दाजी. दाजींचं कोर्टात काम होतं, पण ते सगळ्यांना सांगत होते की गुरवाच्या पोराचं भाषण ऐकायला आलो. दोघं शेवटच्या बाकावर बसले. आबांनी धुवट पांढरी टोपी घातली होती.

मला त्यांची भीती वाटली नाही. निबंध इंग्रजीत होता. त्यात एक परिच्छेद होता — कौल लावणारा माणूस एक पाकळी पुसून घेतो, तिला ओल कमी राहते, ती लवकर सुटते, आणि हवा तो कौल मिळतो. त्या माणसासाठी मी वापरलेला इंग्रजी शब्द जगातल्या कुठल्याही पुजाऱ्याला लागू पडावा असा होता. त्याला गाव नव्हतं, घर नव्हतं.

मी उभा राहिलो आणि अध्यक्ष म्हणाले, गावची मंडळी आली आहेत, मराठीत सांगा.

मग मी मराठीत सांगितलं. त्या परिच्छेदाशी आलो आणि त्या इंग्रजी शब्दाच्या जागी तोंडात आला तो ‘गुरव’. दुसरा कोणता येणार होता? सभा एकदम कान देऊन ऐकू लागली. हे नवीन होतं. अध्यक्षांनी विचारलं, हे ऐकलंय की पाहिलंय?

“पाहिलंय,” मी म्हणालो.

“कुणी केलं?”

“गुरवानं,” मी म्हणालो.

मागून दाजींचा आवाज आला. “काय रे गुरवा, सोग्याला पुसतोस व्हय पाकळ्या? तरीच माज्या येळंला डावी पडली.”

सगळे हसले. आबाही हसले. अध्यक्षांनी माझ्या निरीक्षणाची तारीफ केली आणि मी खाली बसलो.

आता जे सांगायचं ते. मी पाहिलं होतं हे खोटं नाही. पण तो हात आबांचा नव्हता. माझा होता.

मला इंग्रजी शाळेसाठी रत्नागिरीला पाठवावं की देवळाच्या कामाला ठेवून घ्यावं, असा प्रश्न घरात आला होता. उजवी पडली तर मी जायचं, डावी पडली तर राहायचं. आबांना मी जवळ हवा होतो. आणि म्हणूनच ते म्हणाले, “मागणं माजं हाय. मी हात नाय लावायचा. पाकळ्या तू लाव.” ते डोळे मिटून उभे राहिले. मी डावी पाकळी तशीच ओली लावली. उजवी धोतराच्या सोग्याला पुसली आणि मग लावली.

ती लगेच पडायला हवी होती ना? पडली नाही. आबांचं गाऱ्हाणं संपलं, त्यांनी पुन्हा सुरू केलं, दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. शेवटी आबा म्हणाले, “माज्या मनाकडं बगू नको म्हाराजा, पोराचं बरं बग” — आणि उजवी पडली.

ती कशानं पडली? माझ्या पुसण्यानं, तर इतका वेळ थांबली का? देवानं पाडली, तर मी प्रबंधात लिहिलं ते काय? वाऱ्यानं? मी इतकी वर्षं याच विषयात घालवली आणि मला हे ठाऊक नाही. कधी वाटतं, माझ्या लबाडीचा काही उपयोगच झाला नव्हता. पण लबाडी केली होती, एवढं तर ठाऊक आहे. ‘कुणी केलं’ याला ‘मी’ हे उत्तर होतं. ते मी दिलं नाही.

दाजींची थट्टा गावात पोचली आणि थट्टा राहिली नाही. ज्यांना कधीकाळी डावा कौल मिळाला होता, त्यांना एकेकाला तो आठवू लागला. शिमग्याच्या आधी मानकरी बसले आणि ठरलं की पाकळ्या यापुढे मानकऱ्यांनी पाळीपाळीनं लावाव्या. गाऱ्हाणं आबांकडे राहिलं. ते दुसऱ्या कुणाला पाठ नव्हतं.

शिमग्याला मी घरी गेलो. आबा पडवीत समया घासत होते. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर — नाही, तरीही मी बोललो असतो असं म्हणवत नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, “तू कंदी बगितलंस रं? मना काय आटवत नाय. माज्या हातून कंदी झालं आसंल, तर कंदी?”

ते मला दोष देत नव्हते. खरोखरच आठवून पाहत होते. शिकलेला मुलगा सभेत खोटं बोलेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

मी म्हणालो, “लहान होतो तेव्हा. नीट आठवत नाही.”

“आसंल,” ते म्हणाले, आणि घासत राहिले.

त्या वर्षी पालखी निघण्याआधी सगळा गाव देवळापुढे जमला. आबांनी नेहमीचं गाऱ्हाणं घातलं — गुराढोरांचं, भाताचं, मुंबईच्या चाकरमान्यांचं. शेवटी थांबले. मग त्यांनी एक नवीन मागणं घातलं, जे मी लहानपणापासून कधी ऐकलं नव्हतं. “ह्या गुरवाच्या हातून वल्या-सुक्याची काय चूक झाली आसंल, जानता-अजानता, तर ती पोटात घाल रं म्हाराजा.”

दाजी म्हणाले, “व्हय म्हाराजा.” सगळा गाव म्हणाला.

मी त्यांच्या मागेच उभा होतो. मीही म्हणालो.