लाइट न खाणारं स्वयंपाकघर

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. थोरल्या जाऊबाईंवरचा राग मी वीसेक वर्षं जपला आणि त्याच रागातून माझं नवं स्वयंपाकघर उभं राहिलं.

जाफराबादला आमचं घर. मधे भिंत घालून त्याची दोन बिऱ्हाडं केलेली. एका बाजूला थोरले दीर, जाऊबाई आणि सासरे. दुसऱ्या बाजूला माझे मास्तर, मी आणि मुलं. चुली वेगळ्या झाल्या, पण विजेचं मीटर एकच राहिलं, सासऱ्यांच्या नावावरचं, जाऊबाईंच्या ओसरीत टांगलेलं. बिल निम्मं निम्मं. जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. बिल आलं की अक्का ते सासऱ्यांच्या नाकासमोर धरायच्या.

"बघा मामा, धाकटीचा खर्चा! तिचं मिक्सर लागलं की मीटर कसं पळून राह्यलंय!"

मीटरमधली चकती जोरात फिरायला लागली की त्या अंगणातून ओरडायच्या, "बंद कर गं!" मुलं अभ्यासाला बसली की मेन स्विच पाडायच्या आणि वर म्हणायच्या, "लाइट गेल्ती वाटतं." लग्नाकार्यात चार बायकांत माझी ओळख करून द्यायच्या ती अशी, "ही आमची धाकटी. हात लई सैल हाय हिचा." सासरे मान हलवायचे. पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेत भेटलेली लांबची मामेसासूसुद्धा मला म्हणाली, "बाई, जरा लाइट जपून वापरत जा." कुठून कुठं पोचलं होतं बघा!

आणि खरं काय होतं? माझ्याकडे एक ट्यूब, दोन-तीन पिवळे बल्ब, दोन पंखे, टीव्ही आणि दिवसातून एकदा चटणीपुरतं फिरणारं मिक्सर. अक्कांच्या बैठकीत माहेरून आलेला जुना फ्रीज ट्रकसारखा घरघरत असायचा. उन्हाळ्यात दुपारभर कूलर. आणि न्हाणीत, दार लावून, बादलीत सोडलेला पाणी तापवायचा रॉड. हे मी एकदा सासऱ्यांना सांगूनही पाहिलं. पण त्या बादलीतल्या कढत पाण्यानं सासरे स्वतःच आंघोळ करायचे. त्यांना कसं ऐकू येणार? चोराच्या उलट्या बोंबा आणि न्यायाधीश चोराच्या न्हाणीत.

मुलं नोकरीला लागली आणि मास्तर म्हणाले, आता स्वयंपाकघर नीट करून घेऊ. मी म्हटलं, करू, पण आधी मीटर वेगळं. त्यांना वाटलं भांडण मिटवतेय. मला भांडण मिटवायचं नव्हतं, जिंकायचं होतं. दोन मीटर झाली की लाइट कोण खातं ते सगळ्या भावकीला उघड दिसणार होतं. आणि माझं बिल एवढंसं यायला हवं होतं की अक्कांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून बघावं.

मग मी जी सुरुवात केली, ती मास्तरांना वेड लागल्यासारखीच वाटली. जालन्याच्या दुकानातला पोरगा फ्रीजचे रंग दाखवत होता, भाजीचा कप्पा उघडून दाखवत होता. मी विचारत होते, "हा लाइट किती खातो?" दुसरा दाखवला, "हा किती खातो?" फ्रीजच्या दारावर ताऱ्यांचं लेबल तेव्हा नुकतं यायला लागलं होतं. मास्तरांना दोन दारांचा फ्रीज आवडला होता, त्यावर तारे कमी. मी एका दाराचा, लहान, ताऱ्यांनी भरलेला घेतला. गॅसपासून लांब आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला, कारण पाठ तापली की फ्रीज जास्त खातो. पिवळे बल्ब काढून सीएफएल लावले. पूर्वेची खिडकी फोडून मोठी केली, म्हणजे सकाळचा स्वयंपाक दिव्याशिवाय. छत पांढरंशुभ्र. गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवला. गवंडी म्हणाला, ओट्याला काळा दगड शोभतो. मी म्हटलं, काळा उजेड गिळतो, पांढरा आण. एवढं मन लावून मी लग्नातला शालूसुद्धा घेतला नव्हता.

नवं मीटर चकतीचं नव्हतं, त्यात लाल दिवा लुकलुकायचा. तो जेवढा सावकाश लुकलुके तेवढी मला भूक जास्त लागायची.

थंडीत दोन्ही घरांची पहिली बिलं एकाच दिवशी आली. माझं खरोखर एवढंसं होतं. मी ते घेऊन ताठ मानेनं पलीकडे गेले. अक्का सासऱ्यांशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझं बिल पाहिलं, मग हसत स्वतःचं पुढे केलं. तेही एवढंसंच.

"बघा मामा," अक्का म्हणाल्या, "मनावर घेतलं की बराबर कमी येतं. मंग इतके वर्षं काय झाल्तं हिला?"

सासरे अक्कांना म्हणाले, "तुह्या बोलण्याचा गुण आला म्हण."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कमी खाणाऱ्या वस्तू आणून मी माझ्याच हातानं पुरावा पुसला होता. जुन्याच ट्यूबवर, जुन्याच पंख्यावर कमी बिल आणून दाखवलं असतं तर तोंड बंद झालं असतं. आता मी सुधारलेली उधळी ठरले होते, आणि सुधारणारी ती! नव्या पांढऱ्या ओट्याला टेकून मी त्या दिवशी रडले, रागानं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. दोन्ही बिलं मिळून जुन्या बिलाच्या निम्मीसुद्धा होत नव्हती. मी तर आधीपासूनच थोडी वापरणारी. मग उरलेली लाइट खाणारं कोण थांबलं?

उत्तर आठवड्याभरात टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या दारात आलं. सासरे होते. थंडीनं काकडत म्हणाले, "तुह्या सोलरचं पाणी हाय का गं? तिकडं आजकाल पाणी तापवत न्हाईत."

मी बादली भरली, पण हातात दिली नाही. विचारलं, "मामा, आधी कशावर तापायचं?"

बादलीतून वाफा निघत होत्या.

"रॉडवर," ते म्हणाले.

"वर्षानुवर्षं?"

"हां. वर्षानुवर्षं."

मी बादली दिली. मग हळदीकुंकवाचं निमित्त करून अक्कांकडे गेले. फ्रीज मुका उभा होता, आत तुरीची डाळ आणि पापडांचे डबे. कूलर गोधडीत गुंडाळलेला. नुसतं माझ्यापुढे बिल कमी दिसावं म्हणून बाईनं अख्खं घर बंद करून टाकलं होतं. आणि आता चालू करता येत नव्हतं, कारण बिल वाढलं की मी तयारच बसले होते. मला किती आनंद झाला ते सांगता यायचं नाही. दर बिलाला मी जायचे आणि गोड आवाजात त्यांचं किती आलं ते विचारायचे.

मे महिना आला. भारनियमनाचे दिवस. संध्याकाळी लाइट गेली की सगळी गल्ली बाहेर बसायची, तेवढा वेळ अक्कासुद्धा मोकळेपणानं बोलायच्या. लाइट आली की पोरं ओरडायची, घराघरात पंखे सुरू व्हायचे. अक्का मात्र पायरीवरच, पदरानं वारा घेत.

अशाच एका संध्याकाळी सासरे माझ्याकडे आले. "तिला घामोळ्यांनी झोप न्हाई. मी म्हणलं तर ऐकून न राह्यली. तू जाऊन म्हण, लाव पंखा, मी काही बोलणार न्हाई. तुहं बिलकुल ऐकंल ती."

खरं होतं ते. माझ्या एका वाक्याचं काम होतं. मी उठले, पलीकडे गेले. अक्कांची मान लाल झाली होती, पोलकं पाठीला चिकटलं होतं. मला पाहून त्यांनी पदर हलवायचा थांबवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी काय बोलायला आलेय ते त्यांना कळलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "या खेपेचं बिल आलं का हो तुमचं?"

घरी आले आणि पंखा पाचवर केला.