वाचून दाखवलेला राजीनामा

निवृत्तीनंतर ख्रिस्तसेवेत आलो, तेव्हा वाटले होते की आयुष्यभर ज्याची तयारी झाली तेच काम प्रभूने हाती दिले आहे. बालपणी पाठशाळेत संस्कृत, पुढे महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे अध्यापन, आणि नव्वदच्या दशकात काही वर्षे शहापुरात पोलिसांचे वर्ग. तक्रारदाराशी कसे बोलावे, त्याचे कसे ऐकून घ्यावे, हे मी त्यांना शिकवीत असे. बोलणे हीच माझी विद्या होती. तरीही डोळखांबजवळच्या पाड्यावरील आमची लहानशी मंडळी माझी प्रवचने ऐकता ऐकता ओसरत गेली. अखेर सात जण उरले. या सेवेची हाक मला खरोखर प्रभूकडूनच आली होती का, अशी शंका मला पोखरू लागली. मी पाळकपदाचा राजीनामा लिहिला आणि त्या रविवारी उपासनेनंतर तो मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांच्या हाती द्यावा, असे ठरवून निघालो.

शहापूरच्या एसटी स्थानकावर माझी गाडी येईना. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांची मुरबाडची गाडी नुकतीच चुकली होती. त्यांनी मला निरखून पाहिले आणि उठून नमस्कार केला. ते माझ्या वर्गातले, आता निवृत्त झालेले हवालदार होते. मला त्यांचे नावही आठवेना. त्यांना मात्र माझा धडा मुखोद्गत होता.

"तुमीच शिकवलं होतं, सर. तक्रार लिवली की बाईला वाचून दाखवायची. मग तिलाच इचारायचं, आता तू सांग काय झालं ते. तिचं नि कागदाचं जुळलं नाय, तर कागद फाडायचा. लय कागद फाडले तुमच्यापायी."

मी सध्या काय करतो, हे ऐकून त्यांनी सहज विचारले, "मग तिथं लोकांकडून परत सांगून घेता ना?"

पोलिसांना घालून दिलेला नियम मी उपासनेत एकदाही पाळला नव्हता.

त्या दिवशी उशिरा पोहोचलो. शंभरातले एक हरवलेले मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा दृष्टांत सांगून मी थांबलो आणि समोरच्या एका वृद्धेला तो तिच्या शब्दांत सांगण्याची विनंती केली. तिने मेंढराची शेळी केली, माळाचे रान केले, आणि मधेच मला विचारले, "मास्तर, तो एकीला हुडकाया गेला, तवा बाकीच्या कोन राखीत होतं?"

"त्याची बाईल गो, आनखी कोन?" मागून एकीने उत्तर दिले. सारे हसले.

वृद्धा मात्र हसली नाही. "माझी शेळी गेली, तवा मी सांजपातूर हाका मारल्या. घसा बसला. देवाचा पन बसत असंल."

माझ्या साऱ्या प्रवचनांत हे एक वाक्य नव्हते.

सगळे गेल्यावर मी राजीनामा काढून प्रभूसमोर मोठ्याने वाचला. त्यात लिहिले होते की येथील लोकांना ऐकण्याची इच्छा नाही. मग घडले ते माझ्या शब्दांत त्याला सांगू लागलो, आणि तोंडून आले की ऐकण्याची इच्छा मलाच नव्हती. माझे नि कागदाचे जुळले नाही. मी कागद फाडला.

ते हवालदार पुन्हा भेटले नाहीत. त्यांची गाडी चुकली आणि माझी वेळेवर आली नाही, एवढेच मी जाणतो, आणि त्यासाठी नित्य हात जोडतो. आता रविवारी मी थोडे बोलतो, मग खाली चटईवर मंडळीत जाऊन बसतो. कोणीतरी सांगू लागते.