कासवासाठी थांबलेली गाडी

आमची वहिनी दार लावते ते कोणाला ऐकू येत नाही. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून हे असंच. कपाट उघडेल, भांडी मांडेल, खोलीतून निघून जाईल, पण कुठे खुट्ट म्हणून होणार नाही. शेजारणी म्हणायच्या, किती शांत आहे हो तुमची वहिनी! मला मात्र आवाज न करता दार लावणारी माणसं कधीच पटली नाहीत. माझी नोकरी कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर. पाळी सुटली की बायकांच्या पिशव्या तपासायच्या, जेवणाच्या डब्यात एखादा शर्ट घडी घालून बसलाय का ते बघायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस समोर आला की आधी त्याच्या पिशवीकडे नजर जाते. घरी येताना ती नजर फाटकावर काढून ठेवता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही केलेला नाही.

वहिनी केकच्या कारखान्याची गाडी चालवते. मागून पत्र्याने पूर्ण बंद, आत थंड हवा, आणि फळीवर बांधून ठेवलेले दोन-तीन मजली केक. एक धक्का बसला की वरचा मजला खालच्यावर. त्यामुळे तिथल्या मालकीणबाई ड्रायव्हरला शिकवतात तेच मुळी जगावेगळं. मागे काठोकाठ भरलेलं पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि गावाला फेरी मारून यायचं. पाणी सांडलं की पुन्हा फेरी. चांगले कसलेले ड्रायव्हर वैतागून निघून गेले. वहिनी टिकली, कारण ती घरात चहाचा कपसुद्धा तसाच उचलते. तिचं त्या गाडीवर प्रेम होतं. सकाळी निघताना तिचा चेहरा जो खुलायचा तो संध्याकाळी आमच्याकडे बघून कधी खुलला नाही.

मग ते कासव आलं.

महामार्गावर, चढाच्या मध्यावर, भर दुपारी. वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे ते रस्त्याच्या बरोबर मधे चालत होतं. तिने गाडी हळूहळू थांबवली. मागून मोटारसायकलवर एक रंगारी येत होता, घरांना रंग देणारा. तो धाडकन गाडीवर आपटला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई बसवावी लागली. वहिनी धावत मागे गेली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गर्दी जमली, पोलीस आले.

"कशासाठी थांबलात?"

"कासव होतं."

"कुठाय?"

वहिनीने वळून पाहिलं. रस्ता मोकळा होता. "गेलं वाटतं."

"कासव पळालं?" पोलीस म्हणाला, आणि रक्ताच्या थारोळ्याशेजारी उभी असलेली माणसं खो-खो हसली.

ते हसू आमच्या गल्लीपर्यंत यायला वेळ लागला नाही. वाण्याच्या दुकानात मला बघितलं की कोणीतरी हमखास विचारायचं, काय हो, सापडलं का ते पळपुटं? मी तणतणत घरी यायचे. चिडायचे मी त्यांच्यावर, पण खरं सांगायचं तर माझाही कासवावर काडीचा विश्वास नव्हता. वहिनी हल्ली फोन आला की गच्चीवर जायची. मी वर गेले की आवाज बंद. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कधीचं दिसत होतं. चालत्या गाडीत फोन, लक्ष उडालं, गाडी थांबली, आणि निस्तरायला एक कासव, असा माझा हिशोब अगदी पक्का होता. दादाला सांगितलं. दादा ना बायकोच्या बाजूचा ना बहिणीच्या, तो टीव्हीच्या बाजूचा. "कोर्टात ठरेल ते," म्हणाला आणि आवाज वाढवला.

मी वहिनीलाच विचारलं. ती ओटा पुसत होती.

"फोनवर होतीस का तेव्हा?"

"नाही."

"मग गच्चीवर कोणाशी बोलतेस?"

"माझ्या बहिणीशी. तुमच्याबद्दल." ओटा पुसणं थांबलं नाही. "अजून काही तपासायचंय का, वन्सं?"

एरवी ती मला ताई म्हणते. वन्सं म्हणाली की समजायचं, पारा चढलाय. पण चढलेला पारा म्हणजे पुरावा नव्हे.

खटला उभा राहिला तो निष्काळजीपणे गाडी थांबवून माणसाला जायबंदी केल्याचा. गुन्हा सिद्ध झाला तर लायसन जाणार, कदाचित तुरुंगही. वकिलाच्या खोलीत पंखा होता, वारा नव्हता. वकिलाने दोन्ही कोपर टेबलावर टेकवले आणि विचारलं, "कासवाऐवजी कुत्रा म्हणता येईल का?"

"कुत्रा नव्हता," वहिनी म्हणाली.

"अहो बाई, महामार्गावर थांबायला तसंच कारण लागतं. म्हैस, घोडा असतं तर प्रश्नच नव्हता, न थांबतात तर तुम्हीच मेला असतात. कुत्रा चालून जाईल. पण कासव? न्यायाधीश विचारणार, त्या जीवासाठी मागच्या माणसाचा जीव का पणाला लावलात? जनावर जितकं मोठं तितकी आपली बाजू भक्कम."

"पण होतं कासवच."

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

मग त्याने हुकमाचं पान काढलं. रंगाऱ्याचं म्हणणं होतं की गाडीचा मागचा लाल दिवा लागलाच नाही. लाल दिवा दिसेना, म्हणून गाडी चालती आहे असं धरून तो ओव्हरटेकसाठी आरशात बघत राहिला. पण पोलिसांच्या मेकॅनिकने त्याच संध्याकाळी दिवे तपासले होते आणि ते ठणठणीत होते. "म्हणजे तो खोटारडा," वकील खुशीत म्हणाला. "तो खोटा ठरला की आपण सुटलो, आणि त्याची भरपाईही गेली."

मी पेचात पडले. एक म्हणते कासव होतं, ते कोणी पाहिलं नाही. एक म्हणतो दिवा नव्हता, आणि दिवा तर आहे. माझ्या फाटकावर असली दोन माणसं आली असती तर मी दोघांनाही बाजूला उभं केलं असतं. शेवटी ठरवलं, आपणच बघायचं. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढली आणि वहिनीच्या गाडीच्या मागे लागले. हेल्मेट होतं, ओळखायची शक्यता नव्हती. डोळे तिच्या बाजूच्या आरशावर. हात कानाकडे जातोय का, मान वाकतेय का. नाही. बाई पुतळ्यासारखी ताठ बसून गाडी हाकत होती.

त्याच चढावर पुढे कसलीशी गर्दी असावी. आरशावरून माझी नजर खाली आली तेव्हा गाडीचा पत्रा माझ्या तोंडाशी होता. मी स्कूटर वळवली, चाक बंपरला घासलं आणि मी कडेच्या खडीत जाऊन पडले.

वहिनी उतरली. "ताई? तुम्ही इथे?"

"दिवा कुठाय तुझा?" मी खडीतूनच ओरडले. "लाल दिवा! लागला नाही तो!"

गाडी कडेला घेऊन तिने पेडल दाबलं. दोन्ही दिवे झगझगीत लाल. सोडलं, विझले. पुन्हा दाबलं, पुन्हा लाल.

"मग आत्ता का नाही लागला?"

तिने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग तिचा चेहरा उतरला. असा उतरलेला चेहरा मी रोज बघते, पिशवीतला शर्ट बाहेर निघाल्यावर. फक्त ह्या पिशवीत काय आहे ते तिलाच ठाऊक नव्हतं.

"मी ब्रेक लावतच नाही," ती म्हणाली. "चढावर तर नाहीच. पाय उचलायचा, एकेक गिअर खाली आणायचा, गाडी आपली आपण मंद होते. अगदी शेवटी हातब्रेक. पाणी सांडत नाही." तिने पायरीवर बसून तोंडावर हात घेतला. "हातब्रेकने दिवा लागत नाही, ताई. त्याला कळणार कसं मी थांबतेय ते?"

मागचे केक जसेच्या तसे होते. माझा गुडघा फुटला होता.

वकील ऐकून उडालाच. "हे कोर्टात चुकूनही बोलायचं नाही! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचाय का?" घरी दादाने पहिल्यांदा टीव्ही बंद केला आणि तोच मंत्र म्हटला. रात्री भांडी विसळताना वहिनी मला एवढंच म्हणाली, "मी खरं सांगत होते, कोणी मानलं नाही. तोही खरंच सांगतोय." मी म्हटलं, लायसन गेलं तर? तिच्या हातातले कप एकमेकांवर आपटून वाजत होते.

कोर्टात वकिलाने रंगाऱ्याला सोलून काढला. दारू प्यायला होतात का, झोप झाली होती का, मेकॅनिक खोटं बोलतो का? तो कुबडीवर भार देऊन एकच सांगत राहिला, दिवा लागला नाही साहेब. तेव्हा वहिनी उभी राहिली. वकील तिच्या पदराला हिसका द्यायचा तेवढा राहिला.

"ते खरं बोलतायत," ती म्हणाली. "मी ब्रेकला पाय लावलाच नव्हता."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि सगळं नीट विचारून घेतलं, पाण्याच्या पातेल्यासकट. निकालात म्हणाल्या, प्राण्यासाठी थांबणं हा गुन्हा नाही. पण जो थांबतो त्याने मागच्याला कळवायला हवं, आणि तुम्ही पुढच्या जिवाला आणि मागच्या केकला जपलंत, फक्त मागून येणाऱ्या माणसाला विसरलात. अंतर न राखल्याचा थोडा दोष रंगाऱ्याच्याही पदरात टाकला. तुरुंग टळला. त्याची भरपाई मंजूर झाली. वहिनीचं लायसन दोन वर्षांसाठी गेलं, आणि लायसनबरोबर नोकरीही गेली.

बाहेरच्या बाकावर वहिनी रडत होती. रंगारी लंगडत आमच्याकडे आला, पाठोपाठ त्याची बायको. "ताई," तो वहिनीला म्हणाला, "दवाखान्यात ही रोज उशाशी बसून एकच विचारायची, खरं सांगा, पिऊन होतात ना? आज पहिल्यांदा विचारलं नाही." त्याची बायको जमिनीकडे बघत होती.

वहिनीने डोळे पुसले. "मला ताईंनी फोनचं विचारलं होतं," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, आणि ती दोघं हसायला लागली. त्याची बायको आणि मी, आम्ही दोघी मात्र शेजारी शेजारी गप्प उभ्या होतो.