चार ठिकाणचे कॅमेरे आणि एक फुगेवाला

ती दुपार आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. मोताळ्याचा आठवडी बाजार, भर लग्नसराई, आणि पाच वर्षांची एक मुलगी गर्दीतून नाहीशी झालेली. ठाणेदार मी होतो. मुलीची आई ठाण्याच्या पायरीवर बसून एकच म्हणत होती, "साहेब, माह्या पोरीले आना." अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंदवला, नाकाबंदी लावली, बिनतारीवरून वर्णन दिलं.

तेवढ्यात एका चहावाल्याने खबर दिली की, मुलगी फुगेवाल्याबरोबर जाताना दिसली. फुगेवाला परगावचा. त्याला आणेपर्यंत बाजारभर बोभाटा झाला आणि ठाण्यासमोर माणसं जमली. "त्याले आमच्या ताब्यात द्या!" अशी ओरड सुरू होती. मुलगी सापडली नाही तर हा माणूस धड घरी पोहोचणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तो म्हणाला, "मी त्या पोरीले पाह्यलंच नाही, साहेब."

तपासात मला सगळ्यात जास्त चीड 'पत्र द्या, मग चित्रीकरण देतो' या उत्तराची. बाजाराचे कॅमेरे एका खात्याचे, चौकांतले दुसऱ्याचे, बसस्थानकाचे तिसऱ्याचे, मलकापूरच्या रेल्वे स्थानकाचे चौथ्याचे. प्रत्येकाची साठवायची तऱ्हा वेगळी. पण त्या वर्षी आमच्या सायबर शाखेत मिडलवेअर म्हणून एक प्रोग्राम आला होता. तिथल्या उपनिरीक्षक मॅडमनी तो मला समजावला होता, "सर, कुणाचंही चित्रीकरण हलवायचं नाही. आपण फोटो टाकून एकदाच विचारायचं. हा प्रोग्राम मध्ये बसून प्रत्येकाला त्याच्या पद्धतीने विचारतो आणि सगळी उत्तरं एका पडद्यावर आणतो." खरं सांगतो, माझा फारसा भरवसा नव्हता.

मॅडमना ठाण्यात बोलावून घेतलं आणि मुलीचा फोटो टाकला. बाजाराच्या कॅमेऱ्यात ती सापडली. फुगेवाल्याचं बोट धरून बाजाराच्या फाटकाकडे चालली होती. पुढे कुठल्याच कॅमेऱ्यात काही नाही. मी पडदा त्याच्याकडे फिरवला.

"खोटं काऊन बोलला बे?"

तो रडायलाच लागला. "भेव वाटलं, साहेब. बाहेर लोकं पाहा ना! पोरगी रडून राह्यली होती. मायबाप कुठं हायेत इचारलं, तं तिनं लग्नाच्या गाडीकडं बोट दाखोलं. आत बाया-पोरं होते. एका बाईनं तिले वर घेतलं. मले वाटलं, तिचेच लोक हायेत."

लग्नाची गाडी! त्या दिवशी जिल्ह्यात लग्नं तरी किती असतील? मी खोलीत येरझारा घालू लागलो. बाहेर आवाज चढत होता. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, स्टुडिओवाले हल्ली पाहुण्यांसाठी लग्नाचे फोटो त्याच दिवशी संगणकावर टाकतात. त्यांनाही जोडून घेऊ." मलकापूरपासून मेहकरपर्यंतच्या स्टुडिओवाल्यांना फोन केले. काहींनी कुरकुर केली, पण परवानगी दिली. एक-एक साठा जोडला गेला. मग तोच फोटो पुन्हा टाकला.

आणि ती दिसली. डोणगावजवळच्या एका लग्नात, ठेवणीतला फ्रॉक घालून पंगतीत बसलेली, गाल बुंदीने फुगलेले. मी टेबलावर हात आपटला तो आनंदाने.

तिथल्या ठाण्याचे हवालदार मांडवात पोहोचले. नवरीकडचे म्हणाले, "आमाले वाटलं, नवरदेवाकडची हाय." नवरदेवाकडच्यांना ती नवरीकडची वाटली होती. सगळ्यांनी तिला प्रेमानं खाऊ घातलं, पण कुणाची म्हणून कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मुलगी आईच्या कुशीत होती आणि ओरडणारी गर्दी पांगली होती. फुगेवाल्याची माफी मागायला मात्र त्यातला एकही थांबला नाही. त्याला मी सरकारी गाडीतून घरी पोहोचवलं.

पुढे एका बाजाराच्या दिवशी तो पुन्हा दिसला. जवळच एक लहान मूल आईची चुकामूक होऊन रडत होतं. हा दोन पावलं मागे सरकला आणि माझ्या शिपायाला हाक मारू लागला. मी म्हणालो, "अरे, त्याले जवळ तरी घे."

"नाही, साहेब," तो म्हणाला, "आता मी कोणाच्या लेकराले हात लावत नाही."

मुलगी शोधल्याचं कौतुक मला खूप मिळालं. पण एका भल्या माणसाच्या मनात त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून जे मोडलं, ते मला शोधूनही परत देता आलं नाही.