श्रेडरच्या पात्यांतलं केसांचं तेल

ताईंनी श्रेडरचा वरचा भाग उचलला आणि रुमाल नाकाला लावला. पात्यांत कागदाचा भुगा नव्हता, पिवळट चिकट लगदा होता आणि त्याला गुलाबाचा वास येत होता. यंत्र कुरकुरतंय म्हणून शेजारच्या टेबलावरच्या लिपिकानं त्याला केसांचं सुगंधी तेल पाजलं होतं. वर कुणीतरी चघळलेलं च्युइंगम पाकिटात घालून आत सारलं होतं, आणि ते अडकल्यावर पुढे ढकलायला आणखी कागद कोंबले होते.

प्रसूतिगृहाच्या या रेकॉर्ड रूममध्ये ताईंची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. टाचण्या काढायच्या, मोजकीच पानं सरळ घालायची, अधूनमधून कोऱ्या कागदावर यंत्राचं तेल सोडून तो आत जाऊ द्यायचा, डबा गळ्यापर्यंत भरू द्यायचा नाही. एवढंच तर काम. पण चार जणांचे हात लागले की या यंत्राची उष्ट्या ताटासारखी अवस्था व्हायची.

साहेब दारात येऊन म्हणाले, काढू हे यंत्र मोडीत. मुदत संपलेल्या फायली संध्याकाळी रद्दीवाला अशाच नेईल.

"अशाच म्हणजे? नावांसकट?"

"ताई, रद्दी वाचत कोण बसतंय?"

ताईंनी वाचली होती. एकदा हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली खिळ्यांची पुडी सोडली, तर तो कागद म्हणजे कुठल्याशा दवाखान्यातला धाकट्या जावेचा गर्भपाताचा रिपोर्ट. तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ताईंनी तो बारीक फाडून टाकला, पण पुढे कितीतरी दिवस जावेच्या नजरेला नजर देताना त्यांनाच चोरट्यासारखं व्हायचं.

"संध्याकाळपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या.

त्यांनी प्लग काढला. चिमट्यानं च्युइंगम ओढलं तर ते लांबतच गेलं. जुन्या टूथब्रशनं लगदा खरवडताना केस निघाले, एक नखही निघालं. त्यांनी रुमाल नाकावर घट्ट बांधला.

लिपिक डोकावला. "तेल ते तेल, ताई. माझं डोकं तर मस्त चालतं त्यावर."

"दिसतंयच," ताई म्हणाल्या.

उन्हं कलायच्या सुमारास यंत्र घुरघुरलं आणि पहिली फाइल भुगा होऊन खाली पडली. साहेब खूश झाले. यंत्र हॉलमध्ये ठेवू, सगळ्यांना वापरता येईल म्हणाले.

"ते इथेच राहील, कुलपात. किल्ली माझ्याकडे."

"आमच्यावर विश्वास नाही होय?"

"किळस येते, साहेब."

खाली रद्दीवाल्यानं हॉर्न वाजवला. वाजवू दे म्हणत ताईंनी पुढच्या फाइलीच्या टाचण्या काढायला घेतल्या.